काळ्या पट्टीखालचा पत्ता

आमच्या ऑफिसात एखादी ओळ समोरच्या पक्षापासून लपवायची असली, तर त्याची एक ठरलेली रीत होती. मूळ कागदाची झेरॉक्स काढायची. त्या झेरॉक्सवर ती ओळ काळ्या स्केचपेननं आडवी, मग उभी, मग परत आडवी खोडायची. खोडलेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढायची आणि ती खिडकीशी नेऊन उजेडात धरायची. अक्षराची सावली जरी दिसली तरी सगळं पहिल्यापासून. लपवायच्या गोष्टी वकिलीत रोजच्याच असतात: लहान मुलांची नावं, अत्याचार झालेल्या बाईचं नाव, बँकेची खाती, कुणाचं आजारपण. म्हणून आमच्याकडे काळ्या स्केचपेनांचा डबा कायम भरलेला असे.

ही रीत मला ज्यांनी शिकवली ते माझे सीनियर. मी लग्नानंतर सांगलीहून म्हैसूरला आले, नवऱ्याला इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून. वकिलीची सनद होती, कन्नड येत नव्हतं. कोर्टात कन्नड न येणाऱ्या ज्युनियरला कोण ठेवतो? या सीनियरांनी ठेवून घेतलं. त्यांचं घराणं म्हैसूरचंच, वडील शिंपी, कोट शिवायचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण त्या मराठीत दर दोन शब्दांनंतर कन्नड डोकावायचं. कोर्टात मी त्यांना सर म्हणते, ऑफिसात काका. ते मला वकिलीणबाई म्हणतात. पहिल्यांदा ती थट्टा होती, नंतर सवय झाली.

ई-फायलिंग आलं तेव्हा आमचा टायपिस्ट गावी निघून गेलेला होता. कुणीतरी शिकायला हवं होतं, म्हणून मी शिकले. नवऱ्याला विचारलं, पण तो चिडका मास्तर निघाला, तेव्हा पुढचं स्वतःच चुकत चुकत शिकले. मला कॉम्प्युटरचं प्रेम वगैरे नाही. मला मिक्सरचंही नाही. पण मिक्सरचं झाकण नीट बसलंय की नाही हे बघितल्याशिवाय मी बटण दाबत नाही.

मग एआय आलं. वकिलांच्या हॉलमध्ये कंपनीचा एकजण कोट घालून आला, त्यानं एका खोट्या भांडणाची हकीकत टाइप केली आणि कॉफीचा कप खाली ठेवेपर्यंत दाव्याचा मसुदा पडद्यावर आला. ज्येष्ठ वकिलांनी टाळ्या वाजवल्या. मी एकच विचारलं, की आपण यात जी फाइल टाकणार, तिच्यात नेमकं काय काय असतं हे इथं किती जणांना माहीत आहे. मागून कुणीतरी म्हणालं, ते मॅडमच्या मिस्टरांना विचारा. हॉल हसला आणि वडे आले.

तरीही मी शनिवारी दुपारी आमच्याच ऑफिसात एक वर्ग सुरू केला. फुकट. फाइलला नाव काय द्यायचं, जुना मसुदा कसा शोधायचा, कागद पाठवताना त्याच्यासोबत आणखी काय काय जातं. कोर्टाला शब्द शोधता येईल अशी पीडीएफ लागते, म्हणून आमचा स्कॅनर प्रत्येक पानाच्या चित्रामागं त्या पानावरच्या अक्षरांचा एक न दिसणारा थर ठेवतो. तो थर कसा बघायचा हे मी पुढं शिकवणार होते. तोपर्यंत वर्गच आटला. सगळ्यांना गरम पोळी हवी होती, कणीक कुणालाच मळायची नव्हती.

काका पहिल्या शनिवारी येऊन बसले. दुसऱ्या शनिवारी म्हणाले, “अय्यो, वकिलीणबाई, कॉफी प्यायला म्हणून कोडगूत कॉफीचा मळा घ्यायचा होय?”

त्यांनी परस्पर एआयची वर्गणी भरून टाकली होती. त्यांच्या बाजूनं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि लांबलचक कन्नड निकालपत्रं वाचताना पाणी येई. यंत्र त्यांना निकालाचा गोषवारा देई. जेवणाच्या वेळी ते मला तो मोठ्यानं वाचून दाखवत. बऱ्याचदा गोषवारा बरोबरही असे. त्यामुळे माझं बोलणं आणखीच पडलं.

त्याच सुमारास ती आमच्याकडे आली. ब्लाउज शिवणारी बाई, पस्तिशीच्या आतली, सोबत शाळेतली मुलगी. काकांच्या समाजातलीच, विठ्ठलाच्या देवळातल्या भजनाला दोन्ही घरं जायची, म्हणून ती त्यांच्या ओळखीनं आली. नवऱ्याचं देवराज मोहल्ल्यात अस्तर, बटणं, साडीचे फॉल आणि दोऱ्यांचं दुकान. नवरा मारायचा. दारू पीत नव्हता, शिव्या देत नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो. तो दुकान बंद करून यायचा, हातपाय धुवायचा, आणि मग मारायचा.

एकदा ती निघून बेट्टदपुरला आईकडे गेली होती. तो मागच्या बसनं पोचला, मिठाई घेऊन. गल्लीसमोर हात जोडले आणि तिला परत घेऊन आला. त्यानंतर तिचं मनगट बरेच दिवस प्लास्टरमध्ये होतं. शिवणाऱ्या हाताचं. म्हणून या वेळी ती आईकडे गेली नाही. विजयनगरात, जिथं तिचं कुणीही ओळखीचं नव्हतं, तिथं एका घराच्या माडीवर खोली घेऊन राहिली. तो पत्ता तिच्या आईला, घरमालकिणीला, काकांना आणि मला ठाऊक होता. बाकी कुणाला नाही. शेजारणींनाही तिनं नाव अर्धंच सांगितलं होतं.

वकालतनाम्यावर सही करताना ती म्हणाली, “पैसे नाही मिळाले तरी चालतंय, अक्का. मने कुठं आहे ते तेवढं त्याला कळायला नको.”

घराला ती मनेच म्हणायची.

पोटगीच्या अर्जात आम्ही तिचा पत्ता आमच्या ऑफिसमार्फत म्हणून घातला. पण नवऱ्याकडून खोलीचं भाडं मागायचं तर भाडेकरार दाखवावा लागतो, आणि भाडेकरारावर पत्ता असतोच. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मूळ करार स्वतः बघितला, परत दिला, आणि समोरच्या पक्षाला पत्ता झाकलेली प्रत द्यायची परवानगी दिली. हे आम्ही पूर्वी कितीदा तरी केलेलं होतं. काळा स्केचपेन, दोनदा झेरॉक्स, खिडकी.

प्रत दाखल करायच्या दिवशी हुणसूरच्या कोर्टात माझ्या एका साक्षीदाराची साक्ष होती. काका म्हणाले, मी करतो की, त्यात काय. त्यांनी करार स्कॅन केला. पीडीएफवर काळी पट्टी कशी मारायची हे त्यांनी एआयलाच विचारलं आणि त्यानं ते नीट पायरी पायरीनं सांगितलं. पट्टी कशी मारायची, एवढंच त्यांनी विचारलं होतं. पत्ता फाइलमधून कसा पुसायचा, हे विचारायला पाहिजे, हेच त्यांना माहीत नव्हतं. पट्टी मारून झाल्यावर त्यांनी त्या पानाचा प्रिंट काढला, खिडकीशी गेले आणि उजेडात धरला. प्रिंटवर काहीही दिसत नव्हतं. मग त्यांनी प्रिंट फायलीला लावला, आणि कॉम्प्युटरमधली फाइल कोर्टाच्या साइटवर चढवली आणि समोरच्या वकिलांच्या मोबाइलवर पाठवली.

मी हुणसूरच्या बसस्टँडवर होते तेव्हा त्यांचा फोन आला. “आयितु, वकिलीणबाई. पट्टी एकदम दाट. खिडकीत धरून बघितलं की, काही दिसत नाही.” आयितु म्हणजे झालं. मी बरं म्हटलं आणि बसमध्ये चढले.

आठवडाभरानं नवरा विजयनगरच्या त्या घरी गेला. ती तेव्हा ब्लाउज पोचवायला बाहेर पडलेली होती, मुलगी शाळेत. तो वर गेला नाही. खाली घरमालकिणीच्या व्हरांड्यात बसला, स्वतःची ओळख करून दिली, बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणाला आणि रडला. घरमालकीण चांगली बाई होती. तिनं त्याला कॉफी दिली. मग बायकोची औषधं वर ठेवून येतो म्हणून त्यानं किल्ली मागितली, तीही दिली. नवराच तर होता.

तिच्या खोलीत गिऱ्हाइकांची कापडं होती. लग्नसराई होती, त्यामुळे बरीच होती. रेशमी, जरीकाठाची, काही नुसती बेतलेली, काही शिवून हुक लावायची राहिलेली. त्यानं तिचीच कात्री घेतली आणि सगळी कापली. ते मी दुसऱ्या दिवशी स्वतः बघितलं. फाडलेलं नव्हतं, कापलेलं होतं. दुकानात जन्म गेलेल्या माणसाचा हात. एकही कापड त्यानं शिवणीवर कापलं नव्हतं. शिवणीवर कापलं असतं तर परत जोडता आलं असतं. प्रत्येकाची छाती मधोमध, गळ्यापासून खालपर्यंत. मग घड्या घालून ठेवली होती. मशीनला हात लावला नव्हता.

जाताना त्यानं किल्ली परत केली आणि कॉफीबद्दल आभार मानले.

ती ऑफिसात आली तेव्हा रडत नव्हती. कापडांची पिशवी तिनं टेबलावर ठेवली आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. तिनं विचारलं, “कुणी सांगितलं?”

काका म्हणाले, तुझ्या आईनंच सांगितलं असणार. म्हातारं माणूस, जावई जाऊन पाया पडला असेल, पाघळली असेल. ते अगदी समजुतीनं म्हणाले. तिला ते पटलं, कारण दुसरं काही पटण्यासारखं नव्हतं. तिनं आमच्यासमोरच बेट्टदपुरला फोन लावला आणि आईला जे बोलली ते मी लिहीत नाही. पलीकडून म्हातारी नुसती इल्ला इल्ला, नाही नाही, म्हणत होती. तिनं फोन बंद केला आणि तो नंबर मोबाइलमधून काढून टाकला.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. नवऱ्यानं जबाब दिला, की बायकोची विचारपूस करायला गेलो होतो, कापडं आधीच कापलेली होती, डोक्यावर परिणाम आहे असं मी म्हणतच होतो. घरमालकिणीनं हे लचांड नको म्हणून खोली रिकामी करायला सांगितली.

आईवर माझा विश्वास बसत नव्हता, म्हणजे तिनं सांगितलं यावर. मी तिला एकदा भेटले होते. लेकीचं मनगट प्लास्टरमध्ये जिनं बघितलं, ती मिठाईला दुसऱ्यांदा भुलत नाही. पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात मी समोरच्या वकिलांना गाठलं आणि सरळ विचारलं, तुमच्या अशिलाला पत्ता कुठून मिळाला. तरुण मुलगा आहे, हुशार, कामाला वाघ. त्याला प्रश्नच कळला नाही. कुठला पत्ता म्हणाला, अर्जात तर तुमच्या ऑफिसचा पत्ता आहे.

मी म्हटलं, भाडेकरारावर झाकलेला.

तो मोबाइल काढून शोधायला लागला. त्याच्याकडेही एआय होतं, आमच्यापेक्षा महागडं. समोरच्याकडून आलेला कागद तो त्यात टाकायचा, ते कन्नडमध्ये मुद्देसूद सारांश करून द्यायचं, आणि तो सारांश तो जसाच्या तसा अशिलाला पाठवायचा. अशील खूश, सारखे फोन करत नाहीत. हे सांगताना तो त्या सारांशावरून बोट फिरवत होता. मग बोट थांबलं. अर्जदार सध्या अमुक क्रमांकाच्या घरात, अमुक रस्त्यावर, विजयनगर इथं भाड्यानं राहते. पूर्ण पत्ता. अगदी शुद्ध कन्नडमध्ये.

तो म्हणाला, “मॅडम, काळी पट्टी मी बघितलीच नाही. मी तो कागद उघडलाच नाही.”

त्याचा चेहरा उतरला होता. पण त्याला बोल लावायला माझ्याकडे जागा नव्हती. पट्टी आमची होती.

ऑफिसात येऊन मी आम्ही दाखल केलेली फाइल उघडली. काकांना खुर्ची घेऊन शेजारी बसायला सांगितलं. काळ्या पट्टीवरून माउस फिरवला, कॉपी केलं, कोऱ्या पानावर पेस्ट केलं. पत्ता आला. घर क्रमांक, रस्ता, टप्पा, जवळची खूण, सगळं. पट्टी चित्रावर होती. अक्षरांचा थर खाली होता तसाच होता. माणसाला पट्टी दिसत होती, पत्ता दिसत नव्हता. यंत्राला पत्ताच दिसत होता. पट्टी त्याच्या लेखी नव्हतीच.

काका म्हणाले, परत करा. मी परत केलं. मग त्यांनी माउस स्वतःच्या हातात घेतला आणि एकदा स्वतः केलं. पत्ता आला. त्यांनी कपाटातून फाइल काढली, त्यातला प्रिंट सोडवला आणि खिडकीशी जाऊन उजेडात धरला. बराच वेळ धरून उभे होते.

“कागदावर नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, आपण कागद पाठवलाच नव्हता, काका.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. हे काम मी करते म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. ती आल्यावर उभं राहून म्हणाले, आईचा दोष नाही गं, माझा आहे. आणि काय झालं ते त्यांनी तिला आपल्या त्या मिश्र मराठीत सांगितलं, थर, पट्टी, यंत्र, सगळं. तिला त्यातलं फार कळलं असं मला वाटत नाही. पट्टी मारली होती आणि तरी वाचता आलं, एवढं कळलं. तिनं आईचा नंबर विचारला. तो माझ्याकडे होता. तो तिनं हातावर पेननं लिहून घेतला.

पुढं जे कायद्यानं करता येतं ते केलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांना अर्ज दिला, साइटवरची फाइल बदलून घेतली, नवऱ्याला तिच्या जवळपास फिरकायची मनाई झाली. साहेबांनी दोन्ही वकिलांना भर कोर्टात सुनावलं. काका मान खाली घालून उभे होते, तो तरुण वकीलही. पण माणसाला कळलेली गोष्ट अर्ज देऊन परत घेता येत नाही.

काका एआयची वर्गणी बंद करायला निघाले होते. मी नको म्हटलं. आपल्या यंत्रानं विचारलं तेवढं सांगितलं, आणि पलीकडच्यानं फाइलमध्ये होतं ते वाचलं. बंद करून आपल्याला कुठं शहाणपण येणार आहे? ते सरि, म्हणजे बरं, म्हणाले आणि वर्गणी तशीच राहिली. पण त्यांना ते वापरताना मी त्यानंतर फारसं पाहिलेलं नाही.

शनिवारचा वर्ग परत भरायला लागला, आता खुर्च्या पुरत नाहीत. गोष्ट कोर्टभर पसरली होती आणि सगळ्यांना ती ऐकायची होती. मी सांगितली नाही. प्रत्येकाला एक कागद दिला, त्यातलं एक नाव कायमचं पुसायला सांगितलं, आणि फाइल शेजारच्याला फोडायला, म्हणजे ते नाव परत काढायला, दिली. पहिल्या दिवशी शेजाऱ्याला फोडता आली नाही अशी एकही फाइल निघाली नाही. जे हॉलमध्ये हसले होते त्यांचीही नाही. काका पहिल्या रांगेत बसतात. माउस ते सावकाश फिरवतात, पण आता त्यांची फाइल फुटत नाही. आमच्या ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद आधी दुसऱ्यानं फोडून बघायचा, असा नियम झाला. चांगला नियम आहे. तिच्या दृष्टीनं त्याला आता काही अर्थ नाही.

तिनं नवी खोली घेतली, एवढंच आम्हाला माहीत आहे. कुठं, ते नाही. गिऱ्हाइकांना कापडं भरून दिली की अजून देतेय, तेही तिनं सांगितलं नाही. मी तिला म्हटलं, नवा भाडेकरार दे, भाड्याची मागणी त्यावरच उभी आहे, या वेळी मी स्वतः बघेन. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिनं माझे ब्लाउज शिवलेले आहेत, माझं माप तिला तोंडपाठ आहे.

“तुमच्यावर राग नाही, अक्का,” ती म्हणाली. “पण पत्ता मी आता कुणालाच सांगत नाही. तुम्हालाही नको.”

मी वाद घातला नाही. वकील म्हणून मला तो घालायला हवा होता. भाड्याची मागणी आम्ही सोडून दिली. पोटगीचं चालू आहे, तारखांवर तारखा. तारखेच्या आदल्या दिवशी तिचा फोन येतो, दर वेळी वेगळ्या नंबरवरून, आणि कोर्ट हॉल कुठला एवढं विचारून बंद होतो. तारखेला ती वेळेवर हजर असते. हाक झाली की पुढं येते, विचारलं तेवढं सांगते.

काम संपलं की आम्ही तिघं फाटकापर्यंत एकत्र येतो. मागच्या तारखेला पाऊस होता. काकांनी छत्री उघडली, बसस्टॉपपर्यंत सोडतो म्हणाले. तिनं मान हलवली आणि झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली जाऊन उभी राहिली.

“आधी तुम्ही निघा,” ती म्हणाली.

आम्ही निघालो. वळणापर्यंत काकांनी एकदाही मागं बघितलं नाही, मीही नाही. ती कुठल्या दिशेला जाते हे आम्हाला दिसायला नको होतं.